भेगेचा फोटो आणि भांडगावचं स्थळ

"बघतात सगळेच! दिसतं मात्र एखाद्यालाच!"

हे थोर वाक्य सत्यजीतनं सकाळी साडेसहाला, गोठ्यात उकिडवं बसून, शेणाच्या ताज्या पोवर कॅमेरा रोखून उच्चारलं. श्रोते दोन. एक चंद्री नावाची गाय, आणि दुसरे तिची धार काढणारे त्याचे वडील, संपतराव. चंद्रीनं निदान शेपूट तरी हलवलं.

"आम्हाला बी दिसतंय की," संपतराव धार न थांबवता म्हणाले. "श्याण हाय ते. पाटीत भर आन् उकिरड्यावर टाक."

"आबा, वस्तू बघायची नसते. आकार बघायचा असतो."

"आकार बी शेणाचाच हाय!"

आता अशा घरात कलावंतानं जगायचं कसं, तुम्हीच सांगा!

सत्यजीत न्हावऱ्याचा. वय वर्षं बत्तीस. रांजणगावच्या एमआयडीसीत एका कंपनीत क्वालिटीला. म्हणजे काय, तर रंग देऊन आलेला पत्रा आठ तास डोळ्यांत तेल घालून बघायचा आणि कुठं चरा दिसला, फुगा दिसला, डाग दिसला की लाल स्टिकर चिकटवून ओरडायचं, "रिजेक्ट!" या कामात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. सगळं सुरळीत चाललं होतं. पण एका रविवारी तो मित्राच्या नादानं पुण्यात एका शिबिराला जाऊन बसला. विषय होता 'अमूर्त छायाचित्रण: निसर्गातून आणि रोजच्या परिसरातून प्रेरणा'. खादीचा कुर्ता घातलेल्या तिथल्या सरांनी सांगितलं की, मित्रांनो, प्रेरणेसाठी हिमालयात जायला नको, ती तुमच्या परसातच पडलेली असते. सर कोथरूडचे. न्हावऱ्याच्या परसात काय काय पडलेलं असतं याची त्यांना बिचाऱ्यांना कल्पना असायचं कारण नव्हतं.

झालं! कंपनीत जो चरा दिसला की रिजेक्ट, तोच घरच्या पत्र्याच्या पेटीवर दिसला की गडी तिच्यापुढं लोटांगण घालायला लागला. मोटारीच्या स्टार्टरवरचा गंज, कांदाचाळीतल्या कांद्याची सालपटं, दुधावरचा फेस, ट्रॅक्टरच्या टायरचा चिखलातला ठसा, काही म्हणून सोडलं नाही. आई, म्हणजे सारजाबाई, फोडणीला कांदा चिरायला बसल्या की हा धावत यायचा.

"आई, थांब! ह्या फोडीत अख्खं ब्रह्मांड दिसतंय!"

"ब्रह्मांड कढईत पडल्याबिगर तुला जेवाण मिळायचं न्हाई! व्हय बाजूला!"

गावानं आधी काळजी केली. एसटी स्टँडवर तो डांबरातल्या भेगेचा फोटो काढायला वाकला, तर चार म्हातारे त्याच्या शेजारी वाकले आणि काय हरवलं म्हणून पाव तास शोधत राहिले. एकाला कुणाची तरी तंबाखूची डबी सापडली. तो खूश झाला. बाकीच्यांनी मान हलवली आणि संपतरावांना निरोप धाडला, की पोराचं लग्न लवकर उरका.

आणि इथंच तर सगळं घोडं अडलं होतं. एकोणीस स्थळं झाली होती. शेती आहे म्हटलं की ते नोकरी विचारायचे. नोकरी आहे म्हटलं की पुण्यात फ्लॅट विचारायचे. एका पार्टीला शेती पसंत, नोकरी पसंत, मुलगा पसंत. तो न्हावऱ्यात राहतो एवढंच खटकलं. सारजाबाईंनी देव पाण्यात ठेवले होते, ते आता पाण्यातच राहायला शिकले होते.

विसावं स्थळ आलं भांडगावचं. ईश्वरआप्पांची मुलगी, राजनंदिनी. डी.फार्म झालेली, केडगावला एका मेडिकलमध्ये काम करणारी. स्थळ आणलं सारजाबाईंच्या भावानं, मांडवगण फराट्याच्या म्हस्कूमामांनी. मामांनी जाताना भाच्याला बजावलं, "कॅमेरा घरी ठिवायचा! आन् तोंड गप ठिवायचं! इसावं स्थळ हाय, एकविसावं माझ्याकडं न्हाई."

सत्यजीतनं दोन्ही अटी मान्य केल्या. फक्त डोळे घरी ठेवायचं कोणी सांगितलं नव्हतं. पोहे आले, चहा आला, मुलगी आली, पदर सावरून समोरच्या खुर्चीत बसली. सगळे तिच्याकडं बघत होते. हा तिच्या हातातल्या बशीकडं बघत होता. मनगटात एक कडं होतं, कड्याला एक इवलासा घुंगरू लोंबत होता, आणि खिडकीतनं आलेल्या उन्हात त्याची सावली त्या पांढऱ्या बशीवर अशी काही पडली होती की विचारता सोय नाही!

"काय बघताय एवढं?" मुलीनंच विचारलं.

मामांनी टेबलाखालून भाच्याच्या पायावर पाय दिला. पण सत्यजीत खरं बोलून गेला. "तुमच्या कड्याची सावली. बशीत पडलीय. घुंगरू हलला की ती थेंबासारखी लांब होते."

कोणी हसलं नाही, म्हणजे निदान ती तरी हसली नाही. तिनं बशीकडं पाहिलं. मग हात जरासा फिरवला आणि सावली पुन्हा बरोबर तिथंच आणून सोडली.

त्या क्षणी सत्यजीत खलास! आजवर त्याच्या या वेडाला कोणी शिव्या दिल्या होत्या, कोणी औषधं सुचवली होती. हात फिरवून सावली जागेवर आणून देणारं माणूस पहिल्यांदाच भेटलं होतं. करीन तर हिच्याशीच, नाहीतर आजन्म स्टिकर चिकटवीन, असं त्यानं परतीच्या वाटेवर चौफुल्याला उसाचा रस पिता पिता जाहीर केलं.

"एवढी आवडली?" सारजाबाई हरखल्या. "मला डोळं लई आवडलं बाई तिचं. तुला?"

"डोळे?" सत्यजीत जरा गडबडला. "असतील की चांगले."

सारजाबाईंनी त्याच्याकडं नीट बघितलं, पण वीस स्थळांनी दमलेल्या आईनं जास्त खोलात जायचं नसतं. बायोडाट्याला मुलीचा फोटो होता, पण तो स्टुडिओवाल्यानं इतका घासूनपुसून गोरा केला होता की आमच्या क्वालिटीवाल्यानं त्याला केव्हाच मनातल्या मनात लाल स्टिकर लावला होता.

चार दिवसांनी आप्पांचा फोन आला. पोरगं पसंत आहे म्हणाले. आता रीत अशी, की मुलीकडच्यांनी येऊन घर बघायचं, रान बघायचं, विहिरीत डोकवायचं, आणि मगच सुपारी फोडायची. पण आप्पांची कांदाकाढणी चालू होती. रानात मजूर, डोक्यावर ऊन, यायला सवड नाही.

"तवा असं करा," आप्पा म्हणाले, "घर, रान, हिर, जनावरं, आन् पोराचा एक फोटू, असं पाच फोटू मोबाईलवर टाका. आमच्या धुरपदाआक्कानं बघून हो म्हणलं की आमी थेट सुपारीलाच येतू."

धुरपदाआक्का म्हणजे आप्पांची थोरली बहीण, राजनंदिनीची आत्या. तिच्या होकाराशिवाय त्या घरात कुकरची शिट्टीसुद्धा होत नसे.

सत्यजीतच्या अंगावर रोमांच उभे राहिले. पाच फोटो! मागून घेतलेले! आजवर त्याचे फोटो कोणी आपणहून मागितले नव्हते.

"हे बघ," संपतराव म्हणाले, "घर गेल्या साली रंगवलंय. म्होरं लिंबाखाली उभा ऱ्हा, पोर्च दिसू दे, दोन्ही खांब दिसू दे, आन् हाण. पाच मिन्टाचं काम."

"आबा, तसला फोटो कुणीही काढील! त्यात घर दिसतं, घराचा आत्मा दिसत नाही."

"आत्मा बघून कोण पोरगी देतं रं?"

पण ऐकतो कोण! सत्यजीत पिवळ्याधमक पोर्चकडं पाठ फिरवून थेट न्हाणीच्या मागं गेला. तिथं जुन्या भिंतीचा तळहाताएवढा गिलावा फुगला होता, त्याला एक भेग गेली होती आणि भेगेच्या कडेनं हिरवी ओल धरली होती. त्यानं कॅमेरा इतका जवळ नेला की फोटोत भेग ओढ्याएवढी आली. हे झालं घर! मग रान. तीन एकर ऊस डोक्याच्या वर हिरवागार उभा होता. त्याच्याकडं ढुंकूनही न बघता तो पाटाच्या शेवटाला गेला, तिथं बाजेएवढ्या तुकड्यात गाळ वाळून तडकला होता. हे झालं रान! विहिरीला पाणी चांगलं दोन पुरुष खोल होतं, पण कलावंताला कोपऱ्यातलं शेवाळ आणि त्याच्यावर पसरलेला तेलाचा तवंग दिसला. चंद्री गोठ्यात उभी होती आणि पत्र्याच्या भोकांतनं पडलेले उन्हाचे गोल गोल ठिपके तिच्या काळ्या पाठीवर चमकत होते. ते तर त्यानं श्वास रोखून टिपले. उरला पोराचा फोटो. त्यासाठी त्यानं दुधाची स्टीलची किटली घासून लख्ख केली आणि तिच्या फुगीर पोटात पडलेलं स्वतःचं प्रतिबिंब काढलं. कपाळ कलिंगडाएवढं, हनुवटी नाहीच, आणि एक डोळा कानाच्या जागी.

पाची फोटो त्यानं आप्पांच्या नंबरवर धाडले. खाली कशाचंही नाव लिहिलं नाही. नाव दिलं की कला मरते, असं सर म्हणाले होते.

दोन निळ्या टिका आल्या. मग काहीच आलं नाही. एक दिवस गेला, दोन गेले.

"भारावले असतील," सत्यजीत म्हणाला.

तिसऱ्या दिवशी म्हस्कूमामांचा फोन आला. संपतरावांनी स्पीकरवर लावला.

"दाजी, धीर धरा," मामांचा आवाज कातर झाला होता. "घर कवा पडलं?"

"कुणाचं घर?"

"आता लपवू नगा! भितीला हात जाईल एवढी भेग हाय म्हणं. धुरपदाआत्यानं सोत्ता बघितली. रानाची तर पार राख झालीया, एक हिरवं पान न्हाई. हिरीत नुसतं घाण त्याल. आन् गायीला लंपी, अंगभर गाठी!"

"आरं, सकाळी धा लिटर दूध दिलंया तिनं!"

"दाजी, त्ये दूध पिऊ नगा! आन् सत्याला दवाखान्यात न्हेलं का? थोबाड लई सुजलंय म्हणं. गांधीलमाशी चावली का काय?"

संपतरावांनी सावकाश मान वळवून सत्यजीतकडं बघितलं. सत्यजीत लगबगीनं भिंतीवरचं कॅलेंडर बघायला लागला.

पण प्रकरण एवढ्यावर थांबलं असतं तर काय हवं होतं! आत्यानं ते फोटो शेजारणीला दाखवले. शेजारणीची बहीण न्हावऱ्यात दिलेली. दुपारपर्यंत गावात बोभाटा झाला, की संपतरावांच्या गोठ्यात लंपी शिरलाय. संध्याकाळी डेअरीवाल्यानं किटलीला हात लावला नाही. "आबा, राग मानू नगा, आधी डॉक्टरचा कागद आणा." दुसऱ्या दिवशी गुरांचे डॉक्टर हातमोजे घालून हजर! त्यांनी चंद्रीला पुढून बघितलं, मागून बघितलं, जीभ ओढून बघितली, आणि गाय ठणठणीत असल्याचं लिहून दिलं. त्यांची पाठ वळते न वळते तोच मांडवगणाहून म्हस्कूमामा टेम्पो घेऊन आले. टेम्पोत एक मोठी ताडपत्री, आठ बांबू आणि बायकोनं बांधून दिलेल्या पन्नास भाकरी. पोर्चमध्ये उतरून त्यांनी घराकडं वर बघितलं, खाली बघितलं, खांबाला थाप मारून बघितली.

"दाजी, हे तर उभं हाय!"

"बसा," संपतराव म्हणाले, "भाकरी खाऊ. पन्नास हायत."

मामांच्या मध्यस्थीनं तह झाला. सत्यजीतनं निमूट लिंबाखाली उभं राहून पिवळंधमक घर काढलं, दोन्ही खांबांसकट. उभा ऊस काढला. भरलेली विहीर काढली. चंद्रीला धुऊन, कपाळाला कुंकू लावून काढली. स्वतः इस्त्रीचा शर्ट घालून, हात सरळ ठेवून, मतदान कार्डासारखं तोंड करून मामांकडून स्वतःचा फोटो काढवून घेतला. पाची फोटो मामांनी आपल्या हातानं धाडले, आणि प्रत्येकाखाली नाव लिहिलं. 'घर.' 'ऊस.' 'हिर.' 'गाय.' 'सत्या.'

या खेपेला उत्तर पाच मिनिटांत आलं. फोन उचलल्या उचलल्या धुरपदाआत्याचा आवाज कडाडला.

"आमाला येडं समजता व्हय? असलं फोटू आता मोबाईल बसल्या जागी करून देतो! आमच्या शेजारचा पोरगा सोत्ताला विमानात बसवतो! पयलं फोटू खरं हायत. खोटं करायचं म्हणल्यावर मुद्दाम वंगाळ कोण करतं?"

बिनतोड! क्वालिटी डिपार्टमेंटला दहा वर्षं झाली होती, पण असा मुद्दा सत्यजीतनं आजवर ऐकला नव्हता. खरे फोटो खोटे ठरले होते आणि खोटे... नाही, तेही खरेच होते म्हणा. त्याचं त्यालाच कळेना. रात्री तो जेवला नाही. सगळी मस्ती उतरली होती. मनात एकच चाललं होतं, की सावली जागेवर आणून देणारी ती पोरगी आपल्या हातानं आपण घालवली.

तिनं मात्र भांडगावात वेगळीच आघाडी उघडली होती. "आत्या, हे ठिपके उन्हाचे आहेत," ती पहिल्या दिवसापासून सांगत होती. "ही किटली आहे. तोंड सुजलेलं नाही." पण लग्नाच्या मुलीचं मत विचारात घेण्याची त्या घरात पद्धत नव्हती. शेवटी तिनं सांगून टाकलं, "नांदायचं मला आहे. मी डोळ्यांनी बघणार आणि मगच नाही म्हणणार." कांद्याची शेवटची गोणी भरली आणि आप्पांनी बोलेरो काढली.

न सांगता आले! सारजाबाई पीठ मळत होत्या, संपतराव बनियनवर होते, आणि सत्यजीत गोठ्यामागं बसून स्वतःला दोष देत होता. आप्पा उतरले. त्यांच्यामागनं धुरपदाआत्या उतरली, हातात मोबाईल, नाकावर चष्मा. तिच्या मागनं आणखी कुणीतरी उतरलं, पण तोवर आत्यानं फर्मान सोडलं होतं.

"घर-बिर नगा दावू! ह्या फोटूतल्या जागा दावा. एकेक करून!"

सत्यजीतला स्वर्ग दोन बोटं उरला. त्याचे फोटो हातात घेऊन, ते जिथं काढले ती जागा बघायला माणसं आली होती! असा मान सरांनाही मिळाला नसेल! तो पुढं, मागं आत्या, मागं आप्पा, मागं संपतराव बनियन सावरत, अशी वरात पाटाच्या शेवटाला गेली. आत्यानं तडकलेला गाळ बघितला. मग मान वर करून मागचा तीन एकर ऊस बघितला. मोबाईल बघितला. पुन्हा ऊस बघितला.

"एवढंच?"

"एवढंच, आत्या. पण भेगांची लय बघा ना!"

आत्यानं लय बघितली नाही. विहिरीत वाकून दगड टाकला, पाण्याचा आवाज ऐकला आणि "हं" म्हणाली. गोठ्यात चंद्रीच्या पाठीवर अजून ठिपके होते. आत्यानं पदराचं टोक तोंडावर धरून लांबूनच एका ठिपक्यावर बोट ठेवलं, तर ठिपका बोटावर आला! तिनं हात मागं घेतला, ठिपका गायीवर गेला. पुन्हा हात घातला, पुन्हा हातावर आला. ईश्वरआप्पा पोट धरून हसायला लागले.

"आक्का, लंपी झाला तुला!"

आत्याही हसली! संपतरावांनी पंधरा दिवसांत पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला. आता फक्त भेग राहिली होती. वरात न्हाणीच्या मागं आली. सारजाबाई पिठाचे हात तसेच घेऊन पोचल्या होत्या. तळहाताएवढी भेग बघून आत्या म्हणाली, "एवढ्यासाठी मी चार रात्री झोपले न्हाई?" आप्पांनी खिशातनं सुपारी काढायला हात घातला. जमलं होतं! विसावं स्थळ जमलं होतं!

आता गप्प बसावं की नाही? पण सत्यजीत भेगेसमोर उकिडवा बसला होता आणि त्याला कंठ फुटला होता. "आत्या, इकडनं तिरपं ऊन आलं की ही कड उजळते, आणि ओलीचा हिरवा रंग..." एवढ्यात भिंतीवर कुणाची तरी सावली पडली. वाकून, अगदी जवळनं बघायला आलेलं कुणीतरी. सगळा उजेड गेला.

"ओ ताई," सत्यजीत मागं न बघता वैतागून म्हणाला, "जरा बाजूला सरका! तुमची सावली पडतीय भेगेवर!"

सारजाबाईंनी पिठाच्या हातानं कपाळ बडवून घेतलं, ते तसंच पांढरं राहिलं. आणि तेव्हा सत्यजीतला भिंतीवरच्या सावलीत ते कडं दिसलं. कड्याला लोंबणारा घुंगरू दिसला. थेंबासारखा लांब झालेला.

बशीवरची सावली त्यानं तत्काळ ओळखली. फक्त चार शब्द उशिरा!

"ताई?" धुरपदाआत्याचा चष्मा नाकावर घसरला. "लग्नाच्या पोरीला ताई? आरं, जिला बघून गेलास, पोहे खाऊन गेलास, ती तुला वळखू येईना? ईश्वर, सुपारी खिशात ठिव! भेगा वळखणाऱ्याला आपली पोरगी द्यायची न्हाई!"

सत्यजीत उठून वळला. राजनंदिनी साध्या पंजाबी ड्रेसमध्ये उभी होती. चेहऱ्यावर राग नव्हता, आणि म्हणूनच त्याला जास्त भीती वाटली.

"त्या दिवशी तुम्ही पाऊण तास आमच्या घरी होता," ती म्हणाली. "माझ्याकडं एकदा तरी बघितलं होतं?"

मामा शेजारी नव्हते, पायावर पाय द्यायला कोणी नव्हतं. "न्हाई," सत्यजीत म्हणाला. "बशी सोडवंना. पण तुम्ही हात फिरवून सावली परत आणलीत ना, तेव्हाच माझं ठरलं होतं. तुम्ही दिसता कशा ते मात्र... चुकलं माझं."

"मग आज बघा," राजनंदिनी म्हणाली. "कॅमेरा आणा. माझा एक फोटो काढा. सरळ. डोक्यापासून पायापर्यंत. आत्यानं त्यात मला ओळखलं, तर पुढचं बोलू."

किती सोपी अट! ठिपका टिपणारा, फेसाचा बुडबुडा फुटायच्या आत धरणारा हा वाघ! लिंबाखाली राजनंदिनी उभी राहिली. मंडळी अर्धगोल करून उभी राहिली. सत्यजीतनं ऐटीत कॅमेरा डोळ्याला लावला आणि बघितलं.

आणि बघतच राहिला. सारजाबाई म्हणाल्या होत्या ते डोळे हे! भुवईपाशी एक बारीक खूण होती. गालावर वाऱ्यानं आलेली बट होती. हे सगळं त्या दिवशी चार हातांवर बसलं होतं आणि आपण बशी बघत होतो? बत्तीस वर्षांत पहिल्यांदा त्याला वस्तू दिसत नव्हती, आकार दिसत नव्हता, समोरचं माणूस दिसत होतं, आणि ते माणूस सरळ त्याच्याकडं बघत होतं.

खट्!

"दावा!" आत्यानं कॅमेरा ओढून घेतला. चष्मा वर केला. खाली केला. कॅमेरा आडवा धरला, उभा धरला. पडद्यावर एक हिरवा फराटा होता, त्यावर एक आकाशी फराटा होता, आणि मधे गव्हाळ रंगाचं काहीतरी वितळलं होतं.

"ह्यात पोरगी कुठंय?"

संपतरावांनी डोळे मिटले. "मेल्या, आज तरी..." एवढंच म्हणाले.

"आईशप्पथ, मुद्दाम न्हाई काढला!" सत्यजीत रडकुंडीला आला होता. "मी सरळच काढत होतो! आत्या, खरंच! हात कापला माझा!"

राजनंदिनीनं कॅमेरा घेतला. बराच वेळ बघितलं. मग त्याच्या हातांकडं बघितलं. ते अजून कापत होते.

"हात माझ्यामुळं कापला?"

"व्हय."

"आप्पा, सुपारी काढा," ती म्हणाली.

"अगं पण तू दिसतीयास कुठं ह्यात?" आत्या ओरडली.

"आत्या, मी रोज डॉक्टरांची अक्षरं वाचते. हे त्यापेक्षा सोपं आहे." आणि ती हसली. "फक्त लग्नाचा फोटोग्राफर बाहेरचा आणायचा, एवढं आत्ताच ठरवून घ्या!"

लग्न झालं, छान झालं. तो हललेला फोटो मोठा करून, काच लावून हॉलमध्ये टांगलाय. पाहुणे विचारतात, हे काय? संपतराव अभिमानानं सांगतात, "सूनबाई." पाहुणे चष्मा काढून पुसतात आणि चहा मागतात.

सत्यजीतच्या मते मात्र तो त्याच्या आयुष्यातला सगळ्यात थोर अमूर्त फोटो आहे. त्यानं तो पुण्यातल्या त्याच सरांच्या स्पर्धेला मोठ्या तोऱ्यात धाडला. आठवड्याभरात परत आला. सोबतच्या कागदावर लाल शाईचा शिक्का होता, 'रिजेक्ट'. आणि कारणाच्या रकान्यात सरांनी आपल्या वळणदार अक्षरात दोनच शब्द लिहिले होते:

हात हलला.